बारा वर्षांची मुलगी, बारा वर्षांचे दुखणे

सामान्य काळातील तेरावा रविवार, वर्ष ब
शुभवर्तमान : मार्क ५ : २१-४३



आजच्या शुभवर्तमानात संत मार्क एकात एक गुंफलेल्या दोन घटना सांगतो. सभास्थानाचा अधिकारी याईर प्रभू येशूच्या पाया पडतो, कारण त्याची मुलगी मरणाच्या दारात आहे. प्रभू त्याच्याबरोबर निघतो. वाटेत गर्दी लोटते आणि त्या गर्दीतून एक स्त्री मागून येऊन त्याच्या वस्त्राला हात लावते. बारा वर्षे तिचा रक्तस्राव थांबलेला नाही. पुष्कळ वैद्य झाले, होते नव्हते ते सारे खर्चून झाले आणि गुण येण्याऐवजी दुखणे वाढतच गेले, असे मार्क स्पष्ट लिहितो. (संत लूक वैद्य होता अशी परंपरा आहे. हीच घटना सांगताना तो वैद्यांविषयी बराच सौम्य आहे. व्यवसायबंधूंची बाजू!) इकडे याईरची मुलगीही बरोबर बारा वर्षांची आहे.

धर्मगुरू झाल्यापासून हा पाठ आमच्या वाट्याला पाच वेळा आला. पहिल्या चारही वेळा आम्ही त्या स्त्रीच्या श्रद्धेवर बोललो आणि तिच्या आजाराचे नाव घेण्याचे टाळले. आज तसे करणार नाही. विषय वेदीवरून बोलायला अवघड आहे, समोर लहान मुले बसलेली असतात, म्हणून या पत्रकात लिहीत आहोत. तरुण मुलींना दिल्या जाणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्या आणि इंजेक्शने, आणि त्यांच्याविषयी झालेले वैद्यकीय संशोधन, हा आजचा विषय आहे. धर्मगुरूने यात कशाला पडावे, असे काहींना वाटेल. त्यासाठी आधी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल, आणि तीत आमची बाजू चांगली नाही.

आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात असतानाची ही घटना. एका संध्याकाळी मिस्सेनंतर एक माता ऑफिसात आली. हातात रुमालात गुंडाळलेले काहीतरी होते. रुमाल उघडला तर गोळ्यांची अर्धी रिकामी पट्टी. बारावीत शिकणाऱ्या मुलीच्या बॅगेत ती सापडली होती आणि मेडिकलवाल्याने त्या गोळ्या कसल्या ते सांगितले होते. ती माउली रडत होती. ‘फादर, आता तोंड कुठे दाखवायचं?’ एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

आम्ही मुलीला काही विचारले नाही. तिला बोलावलेसुद्धा नाही. आईला अर्धा तास शुद्धतेच्या सद्गुणावर उपदेश केला आणि शनिवारी मुलीला कन्फेशनला पाठवा, असे सांगून मोकळे झालो. मुलगी आली नाही. ते एका अर्थी बरेच झाले, नाहीतर यातला एक शब्दही आज आम्हाला लिहिता आला नसता.

सात-आठ आठवड्यांनी ती माता पुन्हा आली ती रुग्णालयातून. मुलीला रक्त चढवत होते, हिमोग्लोबिन सहावर उतरले होते. मग सारी हकीकत कळली. दोन वर्षांपासून मुलीची पाळी अनियमित होती. दोन-दोन महिने यायची नाही आणि आली की पंधरा-पंधरा दिवस थांबायची नाही. शेवटी मावशीने तिला डॉक्टरांकडे नेले. पीसीओडीचे निदान झाले आणि पाळी ताळ्यावर आणण्यासाठी काही महिने या हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या. घरात पाळीविषयी बोलण्याची पद्धत नव्हती, म्हणून आईला सांगायचे राहून गेले. पट्टी सापडल्यावर घरात जे काही बोलले गेले त्यानंतर मुलीने उरलेल्या गोळ्या फेकून दिल्या. रक्तस्राव पुन्हा सुरू झाला तेव्हा तिने तो लपवला. घरात जे बोलले गेले त्यात आमच्या अर्ध्या तासाच्या उपदेशाचाही वाटा होता.

आम्ही तिला भेटायला गेलो. काय बोलावे सुचत नव्हते, तेव्हा तीच बोलली. ‘फादर, गोळ्या घेत होते तेव्हा मला उगाच रडू यायचं. कारण काहीच नसायचं. डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले गोळ्यांचा काही संबंध नाही, बारावीचं टेन्शन असेल. मम्मीला वाटलं कोणा मुलाचं प्रकरण आहे. तुम्ही तर विचारलंच नाही.’

ती मुलगी आज संसारात रमली आहे. हे लिहिण्यापूर्वी आम्ही तिची परवानगी घेतली. तिच्या शेवटच्या वाक्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. मात्र मधल्या गोष्टीविषयी, त्या उगाच येणाऱ्या रडण्याविषयी, आम्ही वाचायला लागलो. धर्मग्रामातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनीने निबंध आणून दिले आणि अवघड शब्द समजावून सांगितले. आमचा विषय तत्त्वज्ञान. औषधशास्त्रात आम्ही निरक्षरच. पण वाचता वाचता लक्षात आले की, या गोळीच्या इतिहासात औषधशास्त्राइतकाच दुसराही एक प्रश्न सतत डोके वर काढतो. बाई किंवा मुलगी काही सांगते, तेव्हा ते ऐकून घेतले जाते की नाही?

सुरुवात एका कॅथलिक बेटावर झाली. कॅरिबियन समुद्रातले प्वेर्तो रिको हे बेट अमेरिकेच्या ताब्यातले. तिथल्या रिओ पिएद्रास या भागात गरिबांसाठी नवी घरवसाहत उभी राहिली होती. १९५६ साली एनोव्हिड नावाच्या गोळीची पहिली मोठी चाचणी तिथल्या बायांवर झाली. चाचणीमागे दोन माणसे होती. जीवशास्त्रज्ञ ग्रेगरी पिंकस आणि स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन रॉक. यातला रॉक हा नेमाने मिस्सेला जाणारा कॅथलिक होता. ही गोळी शरीरातल्याच हार्मोनची नक्कल करते, तेव्हा ख्रिस्तसभा तिला मान्यता देईल अशी त्याला प्रामाणिक आशा होती. दोघे काम करीत ते मॅसॅच्युसेट्समध्ये, आणि तिथे त्या काळी संततिनियमनाची साधने कायद्याने निषिद्ध होती. म्हणून चाचणी समुद्रापलीकडे गेली. गोळी मूल राहू देत नाही एवढे त्या बायांना सांगितले गेले. हे औषध अजून प्रयोगात आहे आणि प्रयोग आपल्यावरच चालला आहे, हे सांगितले गेले नाही.

चाचणीची प्रत्यक्ष जबाबदारी एड्रिस राइस-रे या महिला डॉक्टरवर होती. गोळी नियमाने घेतली तर गर्भ राहत नाही, हे तिने नोंदवले. पण सुमारे १७ टक्के बायांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, पोटदुखी, उलट्या असा त्रास होतो आणि सर्वांनी सरसकट वापरावी अशी ही गोळी नाही, हेही तिने लिहून कळवले. पिंकसने ते मनावर घेतले नाही. बायांच्या तक्रारी बऱ्याचशा मनाच्या आहेत, असे त्याचे मत पडले. चाचणीच्या काळात तीन स्त्रिया दगावल्या. त्यांची शवचिकित्सा झाली नाही, म्हणून त्यांचा मृत्यू गोळीमुळे झाला की नाही हे आज कोणीच सांगू शकत नाही. त्या गोळीत इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम होते. आजच्या गोळ्यांत ते साधारण २० ते ३५ असते. म्हणजे त्या बाया म्हणत होत्या ते खरेच होते; त्यांच्या पोटात पाच-सहा पट औषध जात होते. आमच्या मनात येते, त्या वसाहतीतल्या किती जणींनी रविवारी चर्चच्या बाकावर बसल्या बसल्या आपले गरगरणारे डोके धरले असेल!

१९६० साली अमेरिकेत ती गोळी संततिनियमनासाठी अधिकृतपणे बाजारात आली. दहा वर्षांनी, १९७० च्या जानेवारीत, गोळीच्या धोक्यांविषयी अमेरिकन सिनेटमध्ये सुनावणी झाली. तज्ज्ञ एकामागून एक साक्ष देत होते, पण गोळी घेणारी एकही बाई साक्षीला बोलावलेली नव्हती. काही तरुणी प्रेक्षकांत उभ्या राहिल्या आणि त्यांनी मोठ्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली. सभागृहात गोंधळ माजला, पण त्यातूनच गोळीच्या पाकिटात माहितीचा कागद घालणे सक्तीचे झाले. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला जो कागद आपण न वाचता फेकून देतो, त्याची एक जन्मकथा ही आहे.

आपल्या देशातही असे घडले. १९८५ साली हैदराबादजवळच्या पटनचेरू येथील आरोग्य केंद्रात नेट-एन नावाच्या गर्भनिरोधक इंजेक्शनची चाचणी योजली होती. आलेल्या गरीब बायांना ही चाचणी आहे याची नीट कल्पना नव्हती. महिला संघटना तिथे पोहोचल्या, त्यांनी बायांना सारे समजावून सांगितले आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्या संघटनांशी आपले सगळ्याच बाबतींत पटणार नाही. पण त्या दिवशी त्या आरोग्य केंद्रात ख्रिस्ती माणसाने जे करायला हवे होते, ते त्यांनी केले.

या नेट-एनची पुढची हकीकत ऐकण्यासारखी आहे. पुरुषांसाठी गर्भनिरोधक इंजेक्शन शोधताना जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने ३२० पुरुषांवर एक चाचणी झाली. त्यांना हेच नेट-एन टेस्टोस्टेरॉनच्या जोडीने दिले जात होते. काहींचे मन उदास होऊ लागले, चिडचिड वाढली, इंजेक्शनची जागा दुखू लागली. २०११ साली सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या एका समितीने इंजेक्शने बंद करायला सांगितली. २०१६ साली निष्कर्ष छापून आले तेव्हा जगभरच्या बायांनी कपाळाला हात लावला. आमच्या मते समितीचे चुकले नाही. पंचावन्न वर्षांत चाचण्यांचे नियम कडक झाले होते आणि ते चांगलेच झाले. पण प्वेर्तो रिकोच्या बायांसाठी अशी समिती कोणी नेमली नव्हती, हे विसरता येत नाही.

आता किशोरवयीन मुलींकडे येऊ. प्रौढ बाईच्या शरीरात ज्या गोष्टी घडून गेलेल्या असतात, त्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या शरीरात अजून घडत असतात. तिची हाडे भरत असतात. दर तीन महिन्यांनी घ्यायचे डेपो-प्रोव्हेरा हे इंजेक्शन चालू असताना हाडांची घनता कमी होते, असे दिसून आल्यावर २००४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच्या वेष्टनावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. दुसरा उपाय चालण्यासारखा असेल तर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ हे वापरू नये, असा त्याचा आशय. इंजेक्शन बंद केल्यावर कोवळ्या वयात हाडांची घनता बऱ्याच अंशी भरून निघते, असेही अभ्यासांत आढळले. ही दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे हेच औषध २०१७ पासून सरकारी दवाखान्यांतून ‘अंतरा’ या नावाने मोफत दिले जाऊ लागले. किशोरवयीन म्हटले की आपल्यापुढे कॉलेजची मुलगी उभी राहते. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. इंजेक्शनच्या रांगेत उभी असलेली मुलगी कुंकू लावलेली, कडेवर मूल घेतलेलीही असू शकते. तिच्या हाडांचे काय होते, हे तिला कोण समजावणार?

आणि ते रडणे. त्याविषयीचा मोठा अभ्यास डेन्मार्कमधला आहे. त्या देशात प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक असतो आणि कोणाला कोणते औषध दिले याची नोंद त्या क्रमांकावर राहते. कोपनहेगनच्या संशोधकांनी पंधरा ते चौतीस वयाच्या दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी २०१३ पर्यंत तपासल्या आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हार्मोनची साधने न वापरणाऱ्या शंभर जणींमागे वर्षाला साधारण १.७ जणींना पहिल्यांदा नैराश्यावरचे औषध लागले. वापरणाऱ्यांत हा आकडा २.२ होता. पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींत फरक सर्वांत ठळक निघाला. नेहमीच्या मिश्र गोळ्या घेणाऱ्या या मुलींना नैराश्याचे औषध लागण्याचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या १.८ पट होते.

हा आकडा वाचला तेव्हा आम्हाला ती रुग्णालयातली खाट आठवली. पण सेमिनरीत तर्कशास्त्र शिकवणाऱ्या फादरांनी आमच्या डोक्यात एक गोष्ट ठोकून बसवली होती : एकापाठोपाठ दुसरे घडले म्हणून पहिले दुसऱ्याचे कारण ठरत नाही. गोळी सुरू करण्याच्या वयातच मुलींच्या आयुष्यात मैत्री येते, प्रेम येते, प्रेमभंग येतो, परीक्षा येतात. रडू त्यामुळेही येऊ शकते, आणि नोंदवह्यांतून हा गुंता पुरता सुटत नाही. म्हणून दुसऱ्या तऱ्हेचा अभ्यास पाहावा लागतो. स्वीडनमध्ये अठरा ते पस्तीस वयाच्या ३४० निरोगी तरुणींचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला तीन महिने खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी. कोणाला कोणती मिळाली हे त्यांनाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यांनाही नाही. २०१७ साली निष्कर्ष आले. खरी गोळी घेणाऱ्यांना एकंदर बरे वाटण्यात घट जाणवली. नैराश्याच्या लक्षणांत मात्र म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. पण त्या तरुणींत सोळा वर्षांची कोणी नव्हती. म्हणजे ‘गोळीने नैराश्य येते’ असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. ‘गोळ्यांचा काही संबंध नाही’ असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि आमच्या त्या मुलीला नेमके तेच ऐकवले गेले होते.

येथे काही वाचक खूश होतील. पाहा, ख्रिस्तसभा सांगत होती ते विज्ञानाने सिद्ध केले! बंधुभगिनींनो, असा आनंद करू नका. विवाहपूर्व शिबिरांत आम्ही स्वतः अशी भाषणे ऐकली आहेत : गोळी घेतली की कॅन्सर, गोळी घेतली की वांझपण. हे सत्य नाही. मिश्र गोळ्यांमुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, तर अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका घटतो. रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, पण गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तो त्याहून अधिक असतो. हे सगळे एकत्र सांगायला हवे, नाहीतर अर्धसत्य सांगून घाबरवणारे आणि अर्धसत्य सांगून गोळी विकणारे यांच्यात फरक उरत नाही.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात आणखी एक चूक दिसते. २५ जुलै १९६८ रोजी पोप सहावे पॉल यांनी ‘ह्युमाने व्हिते’ हे परिपत्रक काढले. (जॉन रॉकची आशा त्या दिवशी संपली.) त्यातली शिकवण पती-पत्नीच्या मिलनाच्या अर्थावर उभी आहे, प्रेम आणि जीवन हे एकमेकांपासून मुद्दाम तोडू नयेत, असे ती सांगते. ती शिकवण गोळीच्या दुष्परिणामांवर उभी नाही. समजा, उद्या कोणी एकही दुष्परिणाम नसलेली गोळी काढली. मग काय आपली शिकवण बदलेल? नाही बदलणार. तर मग मुलींच्या दुखण्याचा आपल्या बाजूचा पुरावा म्हणून उपयोग करू नये. कांट हा प्रॉटेस्टंट घरातला, पण माणसाचा केवळ साधन म्हणून वापर करू नये, हे त्याचे म्हणणे पोप दुसरे जॉन पॉल यांनीही उचलून धरले. प्रयोगशाळेत मुलीचे साधन होऊ नये आणि आमच्या प्रवचनातही होऊ नये.

त्याच परिपत्रकात पंधराव्या परिच्छेदात एक गोष्ट स्पष्ट आहे आणि ती आमच्याकडून पुरेशी सांगितली जात नाही. शरीराचा आजार बरा करण्यासाठी आवश्यक असलेले उपचार घ्यायला ख्रिस्तसभेची हरकत नाही. त्यामुळे गर्भधारणा रोखली जाणार हे आधीच ठाऊक असले तरीही नाही, फक्त तो हेतू असू नये. पीसीओडीमुळे किंवा अतिरक्तस्रावामुळे डॉक्टरांनी दिलेल्या हार्मोनच्या गोळ्या घेणे हे पाप नाही. हे वाक्य कापून फ्रिजच्या दारावर चिकटवायचे असेल तर चिकटवा. त्या संध्याकाळी ऑफिसात आम्हाला हा परिच्छेद ठाऊक होता. सेमिनरीत त्यावर पेपर लिहिला होता, मार्कही बरे मिळाले होते! पण तो लागू करायचा की नाही हे ठरवण्यासाठी मुलीला एक प्रश्न विचारावा लागला असता.

आता पुन्हा शुभवर्तमानाकडे येऊ. याईरची मुलगी शेवटच्या घटका मोजते आहे. बापाचा जीव टांगणीला लागला आहे. अशा वेळी प्रभू भररस्त्यात थांबतो आणि आपल्याला कोणी हात लावला, असे विचारतो. शिष्यांना हा वेडेपणा वाटतो. एवढ्या गर्दीत कोणाकोणाचे धक्के मोजायचे? ती स्त्री तर बरी झालेली आहे. वैद्यकाच्या हिशेबाने काम संपले. तरीही तो पुढे जात नाही. ती थरथरत येते आणि सारे खरे खरे सांगते. बारा वर्षांचे सारे खरे सांगायला किती वेळ लागला असेल? मार्कने तो मोजलेला नाही. याईर बाजूला उभा आहे, आणि तेवढ्यात त्याची मुलगी गेल्याचा निरोप येतो. या थांबण्याची किंमत कोणाला मोजावी लागली, हे लपवायचा मार्क प्रयत्न करीत नाही. प्रभू त्या स्त्रीचे बोलणे पूर्ण ऐकतो आणि तिला मुलगी म्हणून हाक मारतो. मार्कच्या शुभवर्तमानात तो दुसऱ्या कोणाही स्त्रीला अशी हाक मारत नाही.

मग याईरच्या घरी. रडारड करणाऱ्या गर्दीला तो बाहेर काढतो. आईबापाला आणि तीन शिष्यांना तेवढे आत घेतो. मुलीचा हात धरतो. ती उठून चालू लागते. ही गोष्ट कोणाला कळू देऊ नका, असे तो बजावतो, आणि मग तिला काहीतरी खायला द्या, असे सांगतो. यात आजच्या वैद्यकीय नीतिनियमांचा अर्थ शोधणे थोडे ओढाताणीचे आहे, हे मान्य. तरी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नियमावली वाचताना आम्हाला ती खोली आठवलीच. बारा ते अठरा वयाच्या मुलामुलींवर संशोधन करायचे तर आईवडिलांची संमती हवी, आणि मुलाची स्वतःची लेखी अनुमतीही हवी. तिची माहिती बाहेर फुटता कामा नये. हे कागदावर यायला प्वेर्तो रिकोपासून कित्येक वर्षे लागली.

आयांनो, मुलीच्या बॅगेत अशी पट्टी सापडली तर आधी तिच्या शेजारी बसा. पाळी कधी आली, किती दिवस राहिली, पोटात दुखते का, झोप लागते का, हे विचारा. उत्तर आजारपणाचे निघेल. कदाचित दुसरेही निघेल. दुसरे निघाले तरी ती तुमची मुलगीच आहे; तिच्याशी शिकवणुकीविषयी बोला, पण तिच्या अंगावर पट्टी फेकू नका. अठराच्या आतली असेल तर तिच्यावर कोणी जबरदस्ती केली आहे का, हेही विचारायला कचरू नका. वडिलांनो, ‘हे बायकांचे’ म्हणून उठून बाहेर जाऊ नका. याईर बाप होता आणि तोच धावत गेला होता. मुलींनो, गोळ्या चालू असताना मन उदास झाले, पायात एकीकडेच दुखून सूज आली, एकाएकी दम लागला, डोके असह्य दुखू लागले, तर डॉक्टरांना सांगा. पहिल्याने ऐकले नाही तर दुसऱ्याकडे जा. पायाची सूज किंवा दम असेल तर त्याच दिवशी जा, थांबू नका. रक्तस्रावासाठी दिलेल्या गोळ्या मात्र कोणाच्या बोलण्यावरून मध्येच फेकून देऊ नका. धर्मगुरूच्या बोलण्यावरूनसुद्धा नाही.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आमच्या धर्मग्रामातल्या त्याच स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनी पॅरिश हॉलमध्ये दोन तास बसणार आहेत. मुलींनी आईबरोबर यावे, आई येणार नसेल तर मावशीबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर यावे. नावनोंदणी नाही. महिला मंडळाने चहा आणि नाश्त्याची व्यवस्था केली आहे. आम्ही त्या वेळी हॉलमध्ये नसू. दार आतून लावून घ्यायला हरकत नाही.

आपला,
धर्मगुरू